खरे कारण पुरेसे होते

न्यू ब्रन्सविक,
मंगळवार, ऑक्टोबर १९८९

प्रिय प्रसन्न,

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मी ‘चिरंजीव’ लिहीत आले. आशीर्वाद आजही तेच आहेत. पण हे पत्र आशीर्वादाचे नाही, म्हणून शब्द बदलला. एकाच घरात राहणाऱ्या मुलाला आईने पत्र लिहावे हे विचित्र आहे, हे मला कळते. परंतु घरात माझे बोलणे पुरे होत नाही. मी वाक्य सुरू करते, मध्येच फोन वाजतो, सुलेखाला दूध हवे असते, तू ‘एक मिनिट हं, आई’ म्हणून उठतोस आणि परत येतोस तेव्हा वेगळ्याच विषयावर असतोस. कागद असा मध्येच उठून जात नाही. संध्याकाळी तू मला न्यायला येशील तेव्हा हे तुझ्या हातात देईन. गाडी चालवताना वाचू नकोस.

मी ज्युरीच्या प्रतीक्षागृहात बसून लिहीत आहे. खोली मोठी आहे, खुर्च्या एकमेकींना जखडलेल्या आहेत, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर कोणत्या तरी मालिकेतील बाई सकाळपासून रडते आहे. इथे बसलेल्या बहुतेकांना आपले नाव पुकारले जाऊ नये असे वाटते. कोणी दुकान बंद ठेवून आला आहे, कोणाची पाठ दुखते. माझ्या शेजारी डोरिस नावाच्या बाई बसतात. त्यांनी उभे आयुष्य शाळेची बस चालवली. त्यांनी काल मला विचारले, “तुम्हाला यातून सुटायला कोणतं कारण सांगायचंय?” मी म्हटले, “मला सुटायचे नाही.” त्यावर त्या मोठ्याने हसल्या आणि पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, “ऐकलंत? या खोलीत एक तरी वेडी आहे.”

मला इथे का यायचे होते, हे तू कधी विचारले नाहीस, म्हणून सांगते. नागपूरच्या महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवले ते एकतीस वर्षे. पुरावा म्हणजे काय, अनुमान कुठे टिकते आणि कुठे कोसळते, हे मी हजारो मुलांना सांगितले; पण प्रत्यक्षात माझ्या निर्णयावर काय अवलंबून होते? आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेची ढाल. तुझ्याकडे आल्यावर तेही संपले. गेल्या वर्षी मी या देशाची नागरिक झाले. त्या अधिकाऱ्याने माझी परीक्षा घेतली, मी उत्तरे दिली, तू बाहेर बाकावर बसला होतास, आणि परतताना आपण आइस्क्रीम खाल्ले. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला काही वाटले नाही. वाटले ते ज्युरीचे बोलावणे आले तेव्हा. कोणाला तरी माझी विचार करण्याची क्षमता हवी होती. माझ्या हातची पोळी नव्हे, माझी सोबत नव्हे, विचार.

तो कागद तू जेवणाच्या टेबलावर वाचलास आणि म्हणालास, “अरे वा! आता आई जज्ज होणार.” कांचन हसली. मीही हसले. मग तू म्हणालास, “टेन्शन घेऊ नकोस, मी हँडल करतो.” मी म्हटले, “हँडल करण्यासारखे काही नाही. मला जायचे आहे.” तू कांचनकडे पाहिलेस. “शुअर? तिथे नुसतं बसवून ठेवतात गं.” मी म्हटले, “बसेन.” सुलेखाने विचारले, “आजी, आर यू इन ट्रबल?” आणि आपण सगळे पुन्हा हसलो. तू दोन्ही हात वर करून म्हणालास, “ओके, ओके! मी स्वतः सोडायला येतो.” तो विषय तिथे मिटला, असे मी समजले.

काल सकाळी तू मला सोडायला आलास. मी नारायणपेठी नेसले होते. थंडी म्हणून तू माझ्या कोटाचे वरचे बटण लावलेस आणि म्हणालास, “ऑल द बेस्ट, ज्युरर मॅडम.” तुझा चेहरा मला आठवतो. त्या चेहऱ्यावर कौतुक होते. त्या कौतुकाकडे मी आता पुन्हा पुन्हा वळून पाहते आहे. कारण त्या क्षणी तुझ्या मनात काय ठरलेले होते ते मला आता ठाऊक आहे.

आम्ही बसून तासभर झाला असेल. कचेरीतील बाई दाराशी आल्या आणि त्यांनी माझे नाव पुकारले. मी उठले. माझ्यासमोर येऊन त्यांनी एक हात कानाशी नेला, दुसरा दाराकडे दाखवला आणि प्रत्येक शब्द वेगळा, मोठ्याने उच्चारला: “यू. होम. सन. टेलिफोन.” अख्खी खोली आमच्याकडे पाहत होती. टीव्हीवरची बाईसुद्धा नेमकी त्याच वेळी रडायची थांबली. मला वाटले, तुला काही झाले. मला क्षणभर बोलता येईना. माझे गप्प राहणे त्यांना पुरावा वाटले असावे, त्या आणखी मोठ्याने म्हणाल्या, “नो प्रॉब्लेम! यू! गो! होम!” तेव्हा डोरिस म्हणाल्या, “अहो, ओरडता कशाला? त्या बहिऱ्या नाहीत. सकाळपासून माझं शब्दकोडं त्याच सोडवतायत.”

मी त्या बाईंना इंग्रजीत म्हटले, “मला काय सांगायचे आहे ते आपण पूर्ण वाक्यांत सांगितलेत, तर मला अधिक लवकर कळेल.” बिचारीचा चेहरा लाल झाला. तिचा काही दोष नव्हता. मला बाहेर नेऊन तिने सांगितले की सकाळीच माझ्या मुलाचा फोन आला होता. फार सभ्य गृहस्थ, असे ती दोनदा म्हणाली. त्याने सांगितले होते की आईला इंग्रजी समजत नाही. तिला कोर्ट पाहायची फार हौस होती म्हणून पाठवले आहे. तिला थोडा वेळ बसू द्या आणि दुपारच्या आत, वाईट वाटणार नाही अशा रीतीने, घरी पाठवा.

हौस. गाडीतल्या सुलेखाच्या खुर्चीला तू प्लॅस्टिकचे एक स्टिअरिंग बसवले आहेस. मागच्या सीटवर बसून ती ते जिवाच्या आकांताने फिरवते, आणि डावीकडे वळण आले की तू ओरडतोस, “शाबास, काय वळवलीस गाडी!” काल सकाळी तू माझ्या कोटाचे बटण लावलेस तेव्हा मीही त्याच सीटवर बसलेली होते.

मी त्या बाईंना म्हटले, “माझ्या मुलाने दिलेली माहिती खरी नाही.” हे वाक्य उच्चारायला मला किती जड गेले हे तुला समजावे म्हणून सांगते: पासष्टाव्या वर्षी मी ते पहिल्यांदा उच्चारले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “गेल्याच वर्षी तुम्ही नागरिक झालात. परीक्षा इंग्रजीत असते.” पुढचे अनुमान मी करू शकत होते. तुझे विधान खरे मानले तर मी ती परीक्षा लबाडीने उत्तीर्ण झाले असले पाहिजे. ती परीक्षा खरी मानली तर तू लबाड आहेस. फोन करताना तू एवढाही विचार केला नाहीस, याचे मला शिक्षिका म्हणूनही दुःख झाले. मग त्यांनी सहज विचारले, घरी काही अडचण आहे का? लहान मूल वगैरे? मी म्हटले, चार वर्षांची नात आहे, दिवसा तिला मी सांभाळते. “अहो, मग तेवढंच सांगायचं!” त्या म्हणाल्या. “लहान मूल सांभाळणाऱ्यांना आम्ही मोकळं करतो. तुम्ही मागितलंत तर आत्ता करते.” मी मागितले नाही.

म्हणजे खरे कारण पुरेसे होते, प्रसन्न. खोट्याची गरजच नव्हती. फरक एवढाच की खरे कारण मला सांगावे लागले असते, आणि त्यासाठी तुला आधी मला विचारावे लागले असते. खोटे कारण मला वगळून सांगता येत होते.

मधल्या सुटीत मी पायऱ्यांवर आले तेव्हा समोर आपली गाडी उभी होती. कांचनने काच खाली केली. “आई, झालं ना? प्रसन्न म्हणाला बारापर्यंत तुम्हाला—” आणि ती थांबली. मी विचारले, “बारापर्यंत काय?” “नाही, म्हणजे लवकर सोडतात म्हणे सगळ्यांनाच.” मी म्हटले, “मला सोडलेले नाही. पाचला ये.” तिच्यावर माझा राग नाही. तिने निदान वाक्य अर्धवट सोडले. तू तुझी सगळी वाक्ये पुरी केलीस.

दुपारी आम्हाला न्यायालयात नेले. खटल्याविषयी बोलण्यास व लिहिण्यास मनाई आहे, म्हणून त्याविषयी मी एक शब्द लिहिणार नाही. न्यायाधीश वयाने तुझ्याएवढे असतील. त्यांनी आम्हा प्रत्येकाला काही प्रश्न विचारले. त्यांतला एक असा: एखाद्या साक्षीदाराने एका बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगितले असे सिद्ध झाले, तर त्याच्या बाकीच्या साक्षीचे तुम्ही काय कराल? एकजण म्हणाला, “सगळी फेकून देईन.” दुसरी म्हणाली, “माणूस एकदा चुकतोच.” माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, “सगळी फेकणार नाही, सगळी मानणारही नाही. प्रत्येक विधान पुन्हा, जणू प्रथमच ऐकते आहे असे, तपासेन.” वर्गात अनेक वर्षे दिलेले उत्तर होते, ते देताना मला काही लागले नाही. ते लागले रात्री.

मग न्यायाधीशांनी मला एकटीला जवळ बोलावले. कचेरीतून चिठ्ठी गेली होती. ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला इंग्रजी येत नाही असं आम्हाला कळवण्यात आलं होतं. ते तर खोटं दिसतंय. तुमच्या मुलानं असं का सांगितलं असेल?” मी म्हटले, “दुसऱ्याच्या हेतूविषयी मी अंदाज करत नाही. त्याला विचारावे लागेल.” ते हसले, “हे आमच्या काही वकिलांना शिकवाल का?” आणि लगेच गंभीर झाले. खटला तीन आठवडे चालेल; घरी या गोष्टीवरून तेढ असताना मी मोकळ्या मनाने बसू शकेन का? विचार करून उद्या सांगा, असे ते म्हणाले. तो उद्या म्हणजे आज. त्या उत्तरासाठीच मी इथे थांबले आहे.

काल रात्री जेवताना मी तुला विचारायचे ठरवले होते, आणि विचारले. आरोप केला नाही. तुला खरे सांगणे सोपे जावे एवढी जागा मी मुद्दाम ठेवली. म्हटले, “कचेरीत अशी नोंद होती की मला इंग्रजी येत नाही. ती कशी झाली असेल?” तुझा घास थांबलासुद्धा नाही. “कॉम्प्युटरचा घोळ असेल गं. इंडियन नावांचा इथे नेहमी घोळ होतो.” मी विचारले, “कोणी फोन तर केला नसेल?” “छे! व्हाय वुड एनीवन?” कांचन दही आणायला उठली. दही टेबलावर होते.

तुला आठवत असेल, शाळेच्या वादस्पर्धांसाठी मी तुझी तयारी घेत असे तेव्हा एक नियम होता. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षाही चांगली मांडून दाखवायची, मगच उत्तराला उभे राहायचे. पूर्वपक्ष नीट मांडला नाहीस म्हणून मी तुला एकदा पहिल्यापासून पुन्हा उभे केले होते आणि तू रागाने रडला होतास. तो नियम आज मी स्वतःला लावते. तुझी बाजू अशी: कांचनची प्रयोगशाळेतील नोकरी नवी आहे आणि अजून कायम झालेली नाही. सुलेखाला तीन आठवडे कोणाकडे ठेवायचे हा खरा प्रश्न आहे. आई हट्टी आहे. तिला ‘जाऊ नकोस’ म्हटले तर ती दुखावेल, आणि ‘सुलेखासाठी थांब’ म्हटले तर आपण तिला आया समजतो असे तिला वाटेल. त्यापेक्षा नकार परक्या माणसाने द्यावा, आईला एक सकाळ मिळावी, आणि घरात कोणी कोणाला काही बोलू नये. यात द्वेष नाही. माया आहे, हेही मी मान्य करते. इतकी चांगली बाजू तू स्वतः मांडली नसतीस. आणि तरीही ती टिकत नाही. कारण या साऱ्या मांडणीत मी कुठेच नाही. ज्या बाईने काय करावे हे ठरत आहे, ती सोडून सगळे त्यात हजर आहेत. तू विचारले असतेस तर मी कदाचित थांबलेही असते. आता ते कोणालाच कळणार नाही.

एवढे लिहून मी थांबणार होते. पण काल रात्री झोप लागली नाही, ती फोनमुळे नव्हे. तू ‘घोळ असेल गं’ म्हणालास तो सूर मी पूर्वी एकदा ऐकला होता. १९७६ साली तुझे वडील नागपूरच्या रुग्णालयात होते, तेव्हा मी तुला ॲन आर्बरला तार केली. उत्तर आले नाही म्हणून दुसरी केली. रोज संध्याकाळी ते विचारत, “प्रसन्नचं काही?” आणि मी सांगे, “तार पोचली नसेल.” त्याच आठवड्यात तुझ्या प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा होती. ते गेले, दिवस झाले, आणि मग तू आलास. दारातच मला धरून म्हणालास, “पत्त्याचा घोळ झाला गं, आई. तारा जुन्या अपार्टमेंटला गेल्या.” मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

विचारला तो तुझ्या पुरुषोत्तमकाकांनी. तू परत गेल्यावर, घरात चार माणसे असताना, ते म्हणाले, “वहिनी, तारा पोचल्या होत्या. मुलाला परीक्षा सोडवली नाही.” मी विचारले, “पुरावा?” पुरावा त्यांच्याकडे नव्हता. तेव्हा मी त्या सर्वांसमोर म्हटले की ज्याचे एकही विधान आजवर खोटे ठरलेले नाही, त्याच्यावर नुसत्या संशयाने अविश्वास दाखवता येत नाही. आणि ज्यांना तसा दाखवायचा असेल त्यांनी या घरात येऊ नये. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. तुझ्या वडिलांचा तो एकुलता एक भाऊ. त्यानंतर दर दिवाळीला त्यांचे पत्र येते. मी एकाही पत्राला उत्तर दिलेले नाही. माझा युक्तिवाद अचूक होता, प्रसन्न. त्यातले पहिले विधान काल सकाळपर्यंत खरे होते.

आता दाराशी शिपाई आला आहे; नावे पुकारली जातील. न्यायाधीशांना मी सांगणार आहे की होय, मी मोकळ्या मनाने बसू शकते. सुलेखाची तीन आठवड्यांची सोय तुम्ही दोघे पाहा. हे पत्र मी त्या फोनविषयी लिहिलेले नाही. तो फोन मी एक दिवस विसरेन. हे लिहिले ते एका प्रश्नासाठी: त्या तारा तुला वेळेवर मिळाल्या होत्या का? आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांग, मराठीत, समोर बसून. कारण नंतर सांग; तुझे कारण मी शेवटपर्यंत ऐकून घेईन, मग ते परीक्षेचे असो, तिकिटाचे असो, की मरणाऱ्या बापाला पाहण्याच्या भीतीचे असो. उत्तर ‘नाही’ असेल तर मी ते मानेन आणि हा प्रश्न तुला पुन्हा कधी विचारणार नाही. ‘हो’ असेल, तर मला आज रात्रीच नागपूरला पुरुषोत्तम भावजींना पत्र लिहायचे आहे, आणि ते पत्र टपालात टाकायला तू माझ्याबरोबर यायचे आहेस.

उत्तर कोणतेही असो, तुझीच,
आई